गॅस होता, दाब नव्हता: घरच्या मातीकामाच्या भट्टीला नैसर्गिक वायू जोडतानाचं एक प्रकरण

भट्टी १,१८० अंश सेल्सिअसपर्यंत व्यवस्थित चढायची आणि तिथे अडकायची. बर्नरच्या झडपा पूर्ण उघड्या असायच्या. तरीही पायरोमीटरचा आकडा तासाला पाच-दहा अंशच पुढे सरकायचा, कधी उलट मागे यायचा. गाठायचा होता कोन १०, म्हणजे साधारण १,२९० अंश. (कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा मातीचा छोटा सुळका, तो ठरावीक उष्णतेला झुकतो.) स्टोनवेअरची माती तिथे घट्ट होते आणि सेलाडॉन, टेनमोकू यांसारखी रिडक्शनची, म्हणजे भट्टीतली हवा मुद्दाम कमी ठेवून भाजायची, ग्लेझेस (भांड्यांवरचे काचेसारखे लेप) तिथेच खुलतात. हातात येत होती अर्धवट भाजलेली, कोरडी दिसणारी भांडी.

भट्टीची मालकीण घरीच स्टुडिओ चालवते. विजेच्या भट्टीवर तिचा हात बसलेला होता, पण विजेच्या भट्टीत रिडक्शन नीट साधत नाही आणि तारांचं आयुष्यही त्याने घटतं. म्हणून तिने एक वापरलेली गॅस भट्टी घेतली. आतली जागा साधारण अर्धा घनमीटर, अस्तर हलक्या इन्सुलेटिंग विटांचं, खाली चार व्हेंचुरी बर्नर, म्हणजे पंखा नसलेले, गॅसच्या झोतानेच हवा ओढून घेणारे. भट्टी आधी एलपीजीवर चालायची. घरात नळाने येणारा नैसर्गिक वायू होताच, शेगडी आणि गीझर त्यावरच. त्यामुळे सिलिंडरची भानगड नको, सरळ लाइन जोडू, असं ठरलं. विचार योग्य होता. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो. गळती झाली तर तो वर जातो आणि वाट ठेवली असेल तर बाहेर पडतो. एलपीजी जड, तो जमिनीलगत साचून राहतो. घराशेजारच्या शेडसाठी हा फरक मोठा आहे.

जोडणी एका फिटरने करून दिली. त्याने बर्नरचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्रांची तोंडं, बदलले, घरातल्या लाइनला टी मारली आणि अर्धा इंची पाइप मागच्या शेडपर्यंत नेला. साबणाच्या पाण्याने सांधे तपासले, ज्योत निळी आली, काम संपलं.

भट्टी अडकायला लागल्यावर संशय नेहमीच्या ठिकाणी गेला. विटा जुन्या झाल्यात, दाराच्या फटीतून उष्णता जाते, शेल्फ दाटीने रचलीत, डॅम्पर, म्हणजे धुराड्याची वाट कमी-जास्त करणारी झाकणी, जास्त उघडा राहतो. यातलं प्रत्येक कारण भट्टी अडकवू शकतं, म्हणून प्रत्येक तपासलंही गेलं. दाराची फट सिरॅमिक ब्लँकेटने बंद केली, माल कमी भरला, डॅम्पर इंचाइंचाने सरकवून पाहिला. फरक पडला, पण वीस-तीस अंशांचा. मला बोलावलं गेलं ते यानंतर.

मी भट्टीकडे पाहण्याआधी मीटरकडे गेलो. घरी गॅस भट्टी बसवणाऱ्या प्रत्येकाने हाच क्रम ठेवावा असं मला मनापासून वाटतं. भट्टी कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत जेवढा गॅस पोचतो तेवढीच ती तापते.

मोजमाप

नैसर्गिक वायूचा घरगुती पुरवठा फार कमी दाबाने होतो, साधारण २० मिलिबारच्या आसपास. पाण्याने भरलेल्या यू आकाराच्या नळीत हा दाब सुमारे २०४ मिलिमीटर उंचीचा फरक दाखवतो. इतक्या कमी दाबासाठी पाण्याचा हा मॅनोमीटर पुरेसा अचूक असतो आणि तो बिघडत नाही. बर्नरच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे चारही बर्नरना गॅस वाटणाऱ्या पाइपावर, चाचणीचं टोक नव्हतं. ते परवानाधारक फिटरकडून बसवून घेतलं.

सगळं बंद असताना मॅनिफोल्डवर २१ मिलिबार. हा आकडा बहुतेकांना खूश करतो आणि इथेच फसगत होते. गॅस वाहत नसेल तर बारीक पाइपमध्येही दाब पूर्ण दिसतो. खरा प्रश्न चालू दाबाचा. चारही बर्नर पूर्ण उघडल्यावर मॅनिफोल्डवर १० मिलिबार उरले. मग घरातला गीझर सुरू करायला सांगितला आणि पाणी ७ वर येऊन थांबलं. त्याच वेळी मीटरच्या बाहेरच्या टोकाला फक्त १४ होते.

दुसरं मोजमाप त्याहून सोपं. घरातली बाकी उपकरणं बंद ठेवून भट्टी पूर्ण जोरात चालवायची आणि मीटरवर एका मिनिटात किती गॅस गेला ते पाहायचं. इथे गेला साधारण १०७ लिटर, म्हणजे तासाला ६.४ घनमीटर. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमधून ढोबळ १०.५ किलोवॅट-तास उष्णता मिळते, म्हणजे भट्टीला ६७ ते ६८ किलोवॅट मिळत होते. गीझर चालू असताना ते ५७ च्या आसपास येत असणार, कारण जेटमधून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो.

आता गरज किती? हलक्या विटांच्या भट्टीला कोन १० गाठण्यासाठी आतल्या दर घनमीटरमागे साधारण १६५ किलोवॅटची सोय असावी, हा मी वापरतो तो ठोकताळा. जड विटांच्या भट्टीला याहून बरंच जास्त लागतं. अर्ध्या घनमीटरला ८३ किलोवॅट, म्हणजे तासाला ७.९ घनमीटर गॅस. सुरुवातीच्या तासांत यातला थोडासाच भाग लागतो, म्हणूनच भट्टी १,१०० पर्यंत तक्रार न करता चढते. शेवटच्या शंभर-दीडशे अंशांत भिंतींतून आणि धुराड्यातून जाणारी उष्णता आत येणाऱ्या उष्णतेच्या बरोबरीला आली की आकडा थांबतो. मालकिणीची भाजणी अशी रचलेली होती की हा टप्पा संध्याकाळी यायचा, म्हणजे घरात गरम पाण्याचा वापर सगळ्यात जास्त असण्याच्या वेळी.

दोष कुठे होता

जेट बरोबर होते. हे मुद्दाम सांगतो, कारण एलपीजीची भट्टी नैसर्गिक वायूवर आणताना चर्चा जेटपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. एलपीजीत प्रति घनमीटर उष्णता सुमारे अडीचपट असते आणि तो सहसा जास्त दाबाने येतो. म्हणून त्याची छिद्रं लहान असतात. या भट्टीवर ती साधारण २.४ मिलिमीटरची होती. १५ मिलिबारवर चार बर्नरनी मिळून ७.९ घनमीटर द्यायचे तर प्रत्येकी ३.७ मिलिमीटरचं छिद्र लागतं आणि फिटरने तेवढीच पाडली होती. फक्त एका छिद्राच्या कडेला धातूची बारीक कूस राहिली होती. ती काढली. छिद्र ०.१ मिलिमीटरने मोठं झालं तरी गॅस पाच टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे चारही जेट एकसारखे असणं भट्टीच्या समान तापण्यासाठी गरजेचं आहे. एक इशारा इथेच देऊन ठेवतो: नैसर्गिक वायूचे मोठे जेट तसेच ठेवून भट्टी पुन्हा एलपीजीवर कधीही चालवू नये. ज्योत प्रमाणाबाहेर मोठी होते आणि अर्धवट जळते.

खरा दोष पाइपात आणि मीटरमध्ये होता.

पाइपात वाया जाणारा दाब वाहणाऱ्या गॅसच्या वर्गाने वाढतो आणि आतल्या व्यासाच्या पाचव्या घाताने घटतो. हा पाचवा घात एकदा समजला की पाइपाची निवड अंदाजावर सोडावीशी वाटत नाही. मीटरपासून भट्टीपर्यंत पाइप १७ मीटर. प्रत्येक एल्बो, म्हणजे पाइपाचा काटकोनी सांधा, साधारण अर्धा मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करते. सहा एल्बो धरून हिशेबाची लांबी झाली २० मीटर. तासाला ७.९ घनमीटर गॅस या लांबीतून न्यायचा तर अर्धा इंची पाइपात सुमारे १४ मिलिबार जातात. पाऊण इंचीत साडेतीनच्या थोडे वर. एक इंचीत जेमतेम एक. सव्वा इंचीत पाव मिलिबार. एकूण हातात २०-२१ मिलिबारच आहेत, हे लक्षात घेऊन हे आकडे वाचावेत.

मीटर होता जी-४. असा मीटर तासाला जास्तीत जास्त ६ घनमीटरसाठी असतो. शेगडी आणि गीझर मिळून ३४ किलोवॅट, भट्टी ८३, एकूण ११७ किलोवॅट, म्हणजे तासाला ११ घनमीटर. जी-६ ची मर्यादा १० घनमीटर, तोही अपुरा. जी-१० ची मर्यादा १६ आणि इथे तोच लागणार होता. मर्यादेपलीकडे ओढल्यामुळे मीटरजवळच्या रेग्युलेटरलाही दाब धरून ठेवता येत नव्हता. मीटरपाशी १४ मिलिबार दिसले ते त्यामुळे.

भांडी कच्ची राहणं हे नुकसान खरं, पण मला त्याहून काळजी वाटली ती गीझरची. भट्टी आणि गीझर एकाच तोकड्या पुरवठ्यावर ओढाताण करत होते. दाब पडला की त्या उपकरणांच्या ज्योतीही बिघडतात. व्हेंचुरी बर्नरमध्ये झोताचा वेग घटला की तो हवाही कमी ओढतो, ज्योत पिवळट आणि सुस्त होते. मिश्रणाचा वेग ज्योतीच्या वेगापेक्षा कमी झाला तर ज्योत मागे सरकून बर्नरच्या नळीतच जळू लागते. मालकिणीने अधूनमधून ऐकलेला ‘फट्’ आवाज बहुधा तोच होता.

पर्याय

पंख्याचे बर्नर लावले तर प्रश्न सुटेल, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. पंख्यामुळे हवा ओढण्यासाठी गॅसच्या दाबावर अवलंबून राहावं लागत नाही, नियंत्रणही छान मिळतं. पण उष्णता गॅसमधून येते. ८३ किलोवॅटला ७.९ घनमीटर पंखा असला तरी लागतातच. मीटर बदलणं टळत नाही.

परत एलपीजीवर जायचं तर पूर्ण जोरात तासाला साधारण सहा किलो गॅस लागतो. छोटा सिलिंडर या गतीने द्रवाची वाफ करू शकत नाही. तो गारठतो, बाहेर हिमाचा थर धरतो आणि दाब पडतो. कितीतरी सिलिंडर जोडून बँक करावी लागते आणि मग त्यांच्या जागेचा, अंतराचा प्रश्न येतो.

तिसरा मार्ग जास्त दाबाने गॅस घेण्याचा. मीटरनंतर मध्यम दाबाची लाइन आणि भट्टीपाशी दुसरा रेग्युलेटर. त्यात पाइप बारीक चालतो. अंतर पन्नास-साठ मीटर असतं तर मी हाच सुचवला असता. पण तो गॅस कंपनीने द्यायला हवा, आणि दुसरा रेग्युलेटर म्हणजे देखभालीची आणखी एक वस्तू. १७ मीटरसाठी जाड पाइप सरळ आणि टिकाऊ. निर्णय झाला: जी-१० मीटर, मीटरच्या लगेच पुढे भट्टीसाठी वेगळी शाखा, शाखा सव्वा इंची. घरातली जुनी लाइन घरापुरती.

कंपनीकडे भारवाढीचा अर्ज गेला. त्यात प्रत्येक उपकरणाचे किलोवॅट वेगळे लिहिले, भट्टीचं नाव स्पष्ट घातलं. रस्त्याच्या मुख्य नळापासून मीटरपर्यंतचा पाइप वाढीव भार पेलतो का, हे कंपनीलाच तपासता येतं, म्हणून ही माहिती लपवण्यात काही अर्थ नसतो. बांधकामाची परवानगी आणि घराच्या विम्याला कळवणं ही कामंही याच वेळी उरकली.

नवी लाइन

अंगणाखालून जाणारा भाग पिवळ्या पॉलिइथिलीन पाइपचा ठेवला. हा पाइप गंजत नाही, पण ऊन आणि उष्णता सोसत नाही, म्हणून तो जमिनीवर आणायचा नसतो. जमिनीतून वर येताना त्याला पोलादी पाइप जोडतात. वरून इशारा देणारी पट्टी आणि शोधण्यासाठी तार पुरली. शेडबाहेर, दारातून धावत आलेल्या माणसाच्या हाताला लगेच लागेल अशा जागी मुख्य बंद करायची झडप. भट्टीआधी खाली उतरणारा छोटा आंधळा तुकडा, म्हणजे पाइपातला गंज आणि कचरा तिथे पडेल आणि जेटपर्यंत पोचणार नाही. भट्टी जोडण्याआधी लाइन हवेने दाबून ठेवली आणि मॅनोमीटर स्थिर राहतो का ते पाहिलं.

सुरक्षेच्या झडपांपाशी एक अडचण आली, ती सांगण्यासारखी आहे. आणलेली सोलेनॉइड झडप, म्हणजे विजेवर उघडणारी-मिटणारी झडप, सव्वा इंची आट्यांची होती, पण तिच्या आतली वाट अरुंद. आठ घनमीटरच्या प्रवाहाला ती एकटीच पाच मिलिबार खाणार होती. झडपेच्या माहितीपत्रकात प्रवाह आणि दाबघट यांचा आलेख असतो. निवड त्यावरून करायची, आट्यांच्या मापावरून नाही. ती बदलून घेतली.

ज्योत विझली तर

जुन्या जोडणीत ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारं काहीच नव्हतं. इथे मी सवलत देत नाही, आणि कारण आकड्यांतच आहे. नैसर्गिक वायू हवेत पाच ते पंधरा टक्के असेल तर पेट घेतो. अर्ध्या घनमीटरच्या भट्टीत पाच टक्के म्हणजे फक्त २५ लिटर. चारही बर्नर पूर्ण उघडे असताना सेकंदाला २.२ लिटर गॅस आत येतो. म्हणजे सुमारे अकरा सेकंदांत भट्टी स्फोटक मिश्रणाने भरू शकते. एकच बर्नर उघडा असेल तर पाऊण मिनिट. धुराड्यातून काही गॅस निघून जातो, पण त्यावर भरवसा ठेवून काडी ओढायची नसते.

थर्मोकपलवर, म्हणजे ज्योतीच्या उष्णतेने किंचित वीज निर्माण करणाऱ्या जोडतारेवर, चालणारी ज्योतरक्षक झडप स्वस्त आणि विजेशिवाय चालणारी असते, पण थर्मोकपल थंड व्हायला वेळ घेतो. झडप पडायला अर्धा-एक मिनिटही लागू शकतं. म्हणून ती एकटी पुरत नाही. प्रत्येक बर्नरला स्वतःचा पायलट (बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) आणि थर्मोकपल दिला. मुख्य लाइनवर सोलेनॉइड, तो तापमानाच्या वरच्या मर्यादेला किंवा वीज गेल्यावर बंद होतो आणि वीज आल्यावर आपोआप उघडत नाही, हाताने पुन्हा चालू करावा लागतो. पेटवण्याची शिस्तही ठरली: दार आणि डॅम्पर पूर्ण उघडे, काही मिनिटं हवा खेळू द्यायची, आधी पायलट, मग एकेक बर्नर मंद. ज्योत धरली नाही तर गॅस बंद, पुन्हा हवा, मगच दुसरा प्रयत्न.

आतलं तापमान ७५० अंशांच्या वर गेलं की विझलेला गॅस भिंतींच्या धगीनेच पुन्हा पेटतो. म्हणजे सगळा धोका सुरुवातीच्या, शांत दिसणाऱ्या तासांत असतो. माल वाळवायला बर्नर मंद ठेवून रात्रभर झोपायला जाण्याची पद्धत अनेक स्टुडिओंत आहे. ती मला मान्य नाही, आणि मालकिणीने ती सोडली.

हवेचा हिशेबही याच ओघात. एका घनमीटर नैसर्गिक वायूला जळायला साधारण दहा घनमीटर हवा लागते, म्हणजे नुसत्या ज्वलनासाठी तासाला ८० घनमीटर. भट्टीवरचा हुड आणखी ओढतो. शेडचं दार वाऱ्यामुळे बंद ठेवलं जायचं. आता खाली, बर्नरच्या पातळीला, बंद करता न येणारी जाळी आहे आणि छताजवळ दुसरी. रिडक्शनमध्ये आपण मुद्दाम हवा कमी करतो, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड तयार होणारच. नैसर्गिक वायूला ओळखू येण्यासाठी वास मिसळलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून एक इशारा यंत्र शेडमध्ये आणि एक शेडला लागून असलेल्या खोलीत बसवलं.

नंतरची भाजणी

नव्या जोडणीवर चारही बर्नर पूर्ण उघडल्यावर मॅनिफोल्डला १६.५ मिलिबार राहिले. गीझर आणि शेगडी सुरू केल्यावर ते १६ च्या वरच होते. मीटरवर मिनिटाला १३८ लिटर, म्हणजे ८७ किलोवॅट. हिशेबापेक्षा थोडं जास्त, कारण जेट १५ मिलिबार धरून पाडले होते. झडप किंचित मागे घेऊन काम भागतं, जेट बदलले नाहीत.

पहिल्या भाजणीत ९०० अंशांच्या आसपास रिडक्शन सुरू केलं आणि १,१८० ला भट्टी थांबली नाही. उलट ती घाईने चढू लागली आणि मालकिणीला गॅस कमी करावा लागला. पूर्वी अडकल्यावर ती गॅस आणखी उघडण्याचा प्रयत्न करायची. भट्टी भुकेली असताना हवा कमी आणि गॅस जास्त झाला की न जळलेला गॅस उष्णता न देताच बाहेर जातो, हे तिला आता डॅम्परमधल्या ज्योतीच्या लांबीवरून दिसतं. कोन १० झुकला. संपूर्ण भाजणीला सुमारे ४३ घनमीटर गॅस लागला. अडकून बसलेल्या भाजण्या कितीतरी लांबायच्या, त्यामुळे त्यांचा खर्च याहून कमी नव्हता.

वरच्या आणि खालच्या शेल्फमध्ये अजून अर्ध्या कोनाचा फरक पडतो, खाली थंड. मॅनिफोल्डचा दाब स्थिर असल्यामुळे आता तो गॅसचा दोष नाही हे खात्रीने म्हणता येतं. बर्नरसमोरच्या आडभिंतीतली एक वीट काढून ज्योतीला खालून वाट द्यायची आणि डॅम्पर शेवटच्या टप्प्यात थोडा आवळायचा, असं पुढच्या भाजणीसाठी ठरलं आहे.